कॉम्पिएन्यच्या बीच-जंगलात ग्रॅव्हल सायकल : गाड्या टाळून घालवायचा एक अख्खा दिवस

पॅरिसच्या ईशान्येला सुमारे 80 किलोमीटरवर, ऊआज आणि एन या दोन नद्यांच्या बेचक्यात कॉम्पिएन्यचं जंगल पसरलं आहे. क्षेत्रफळ 14,000 हेक्टरांहून जास्त. फ्रान्समधल्या सर्वांत मोठ्या सरकारी जंगलांत त्याची गणना होते. मुख्य झाड बीच, म्हणजे गुळगुळीत राखाडी खोडाचा एक पानगळी वृक्ष, जोडीला ओक. सायकल शर्यती बघणाऱ्यांना गावाचं नाव ओळखीचं असतं, कारण पॅरिस–रूबे ही शर्यत 1977 पासून इथून सुटते. त्या शर्यतीतले हाडं खिळखिळी करणारे दगडी रस्ते मात्र इथे नाहीत, ते पार उत्तरेत लागतात. इथे आहेत राजांनी शिकारीसाठी पाडलेले सरळसोट जंगलरस्ते, ग्रॅव्हल सायकलला, म्हणजे खडी-मातीवर चालणाऱ्या जाड टायरांच्या सायकलला, साजेसे, आणि त्यातल्या बहुतेकांवर आज गाड्यांना बंदी आहे.

बहुतेकांवर, सगळ्यांवर नाही. खरी मेख तिथेच आहे. जंगल म्हणजे शांतता असं गृहीत धरून नुसता फोन ज्या दिशेला नेईल तिकडे जाणाऱ्याची पहिल्या अर्ध्या तासातच निराशा होते. उत्तरेकडून सोआसोंला जाणारा एन-31 हा हमरस्ता जातो. मधून पिएरफाँचा डी-973 आणि दक्षिणेकडे क्रेपीला जाणारा डी-332 जातो. तिन्हींवर गाड्या सुसाट सुटलेल्या असतात. त्यामुळे दिवस असा आखायचा, की डांबराचे हे पट्टे फक्त ओलांडावे लागतील, त्यांच्यावरून चालवायची वेळ येणार नाही. ते सहज जमतं, पण घरून ठरवून यावं लागतं.

पहिली पायरी : महिना ठरवा

बीचला पालवी एप्रिलच्या मध्यानंतर फुटते. त्याआधी फांद्या उघड्या असतात, ऊन थेट जमिनीवर येतं आणि त्याच उजेडात मार्च-एप्रिलमध्ये रानफुलांची पांढरी चादर पसरते. मेच्या सुरुवातीला म्युगे, म्हणजे घंटीसारख्या पांढऱ्या फुलांची बारकी रोपं दिसतात. 1 मेला ती एकमेकांना द्यायची फ्रेंच रीत आहे, त्यामुळे त्या सुमारास टोपल्या घेतलेली कुटुंबं जंगलभर वाकून काहीतरी शोधताना दिसतील. एकदा पानं पूर्ण आली, की वरचं छत इतकं गच्च होतं की खाली झुडूपसुद्धा धड वाढत नाही. गुळगुळीत राखाडी खोडांच्या रांगा आणि मधली मोकळी जमीन, हे बीच-जंगलाचं रूप त्या सावलीमुळेच आहे. सायकलवाल्याला त्याचा फायदा म्हणजे जुलैच्या उन्हातही आत गारवा मिळतो आणि वळणापलीकडचा माणूस लांबूनच दिसतो.

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पानं तांबूस-सोनेरी होतात. फोटो काढायचे असतील तर हाच काळ. पण चालवायला मी मे-जून किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडाच सुचवीन. शरद ऋतूत रंग छान असतात, पण रस्ता कठीण होतो. त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच. शिवाय सप्टेंबरच्या मध्यापासून शिकारीचा हंगाम सुरू होतो.

एक नियम मात्र बारा महिने पाळायचा : जोराचा वारा सुटलेल्या दिवशी जाऊच नका. बीचची मुळं खोल जात नाहीत, पसरट असतात. मोठं झाड उन्मळून पडतं, आणि पाण्याचा ताण सोसलेली म्हातारी झाडं तर उन्हाळ्यात वारा नसतानाही जाडजूड फांदी टाकतात. गेल्या काही वर्षांच्या कोरड्या उन्हाळ्यांनी या जंगलाला बराच मार बसला आहे. त्यात पश्चिमेकडच्या रेताड जमिनीत भुंगेऱ्याच्या अळ्या, म्हणजे आपल्याकडच्या हुमणीच्या भाऊबंद, कोवळ्या रोपांची मुळं खातात. वाटेत कुंपण घातलेले उघडे तुकडे आणि वाळलेले शेंडे दिसतील, त्यामागे हे कारण आहे. जेवायला बसताना आधी वर बघा. वाळकी फांदी दिसली तर जागा बदला.

दुसरी पायरी : सायकल आणि सामान

टायर 40 ते 45 मिलिमीटर, शक्यतो ट्यूबलेस. 35 वर जाता येतं, पण पश्चिमेकडच्या वाळूत पुढचं चाक रुतत राहतं आणि मजा जाते. हवेचा दाब साधारण 70 किलोच्या माणसाला, 40 च्या टायरवर, पुढे 2.1 आणि मागे 2.3 बार इथून सुरुवात करा. पानं ओली असतील तर दोन्हींकडे थोडा कमी करा. चढ फार नाहीत, टेकड्यांचे माथे समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरांच्या आतच आहेत. पण पूर्वेकडचे चढ आखूड आणि तीव्र आहेत, तेव्हा सगळ्यात हलका गिअर खरोखर हलका असू द्या. पुढच्या आणि मागच्या चक्राचे दात सारखे आले तर उत्तम.

गिअरचा हँगर, म्हणजे मागच्या डिरेल्युअरला (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाला) फ्रेमशी जोडणारा छोटा धातूचा तुकडा, जादा ठेवाच. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, त्यामुळे कॉम्पिएन्यच्या दुकानात तुमचा मिळेल अशी आशा धरू नका. बाकी नेहमीचंच : पंप, प्लग, एक ट्यूब, साखळीचा जोड, एक पातळ रेनकोट. घंटी आणि दिवे फ्रान्समध्ये कायद्यानंच लागतात. बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं आहे. अंधारात वस्तीबाहेर चालवताना चकाकणारं जाकीट घालणंही बंधनकारक आहे, आणि नोव्हेंबरात अंधार अपेक्षेपेक्षा फार लवकर पडतो.

तिसरी पायरी : गाडी पकडा

पॅरिसच्या गार द्यु नोर स्थानकावरून थेट गाड्या आहेत. जलद गाडीला पाऊण तासाच्या आसपास लागतो, थांबत जाणारीला जास्त. प्रादेशिक गाड्यांत सायकल नेता येते, पण जागा मोजक्या असतात. रविवारी सकाळी जरा आधी पोचा आणि सायकलचं चिन्ह असलेला डबा हेरून ठेवा. परतीची शेवटची नाही, तर शेवटून दुसरी गाडी आपली धरायची. पंक्चरला लागणारा वेळ त्यातून निघतो.

पाव, फळं आणि पाण्याची सोय गावातच उरका. जंगलात दुकान नाही, आणि खेड्यांतली दुकानं दुपारी, रविवारी, कधी सोमवारीही बंद असतात. शाकाहारी मंडळींनी भाज्यांची कीश, म्हणजे अंड्याच्या सारणाची खारी पाय, घेतानाही आत ‘लार्दों’ नाहीत ना, हे विचारून घ्यावं. डुकराच्या मांसाचे हे बारीक तुकडे कुठेही निघतात. आमच्याकडची माणसं दशम्या, लसणाची चटणी आणि चिक्की घेऊन येतात, आणि मला वाटतं त्यांचंच बरोबर आहे. बाटली संपली तर खेड्यातलं कब्रस्तान शोधा. फुलांना घालायला तिथे नळ असतो, आणि फ्रेंच सायकलवाले पिढ्यान्‌पिढ्या तिथेच बाटल्या भरत आले आहेत. फक्त ‘ओ नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नका.

चौथी पायरी : खांब वाचायला शिका

नवख्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून जरा थांबून सांगतो.

सोळाव्या शतकात राजा फ्रान्स्वा पहिला याने प्युई द्यु र्‍वा, म्हणजे राजाची विहीर, या ठिकाणापासून आठ दिशांना आठ रस्ते पाडले. पुढे चौदाव्या आणि पंधराव्या लुईंनी त्यांना जोडणारे आणि छेदणारे आणखी रस्ते घातले. शिकारीच्या मागे घोडा दौडवताना लांबवर दिसावं, हा त्यामागचा उद्देश. परिणाम असा, की आज तुम्ही एखाद्या चौकात येता तेव्हा सहा किंवा आठ रस्ते चारी बाजूंना फुटलेले असतात, सगळे सरळ, सगळ्यांच्या दोन्ही कडांना तीच खोडं. तिथे गोल वळून फोटो काढलात, की आपण आलो कुठून हेच विसरायला होतं.

यावर उतारा म्हणजे चौकाच्या मधोमध उभा असलेला पांढरा लाकडी खांब. त्यावर प्रत्येक दिशेच्या रस्त्याचं नाव असतं, शिवाय चौकाचंही. नीट बघितलंत तर एका अंगाला लाल खूण दिसेल. ती कॉम्पिएन्यच्या राजवाड्याची दिशा. तिसऱ्या नेपोलियनची राणी यूजेनी जंगलात वाट चुकली आणि तिच्या सांगण्यावरून या खुणा झाल्या, असं सांगतात. गोष्ट खरी असो-नसो, खूण कामाची आहे. फोनची बॅटरी संपली, रेंज गेली, पाऊस आला, तरी प्रत्येक चौकात लाल खुणेच्या बाजूचा रस्ता धरत गेलात तर शहरात पोचता.

सवय अशी लावून घ्या : चौकात शिरण्याआधी सायकलचं तोंड ज्या दिशेला आहे तसंच ठेवून थांबायचं, खांबावरची दोन नावं वाचायची, एक आपण आलो त्याचं आणि एक जायचं त्याचं, आणि मगच हलायचं. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. फ्रेंच सर्वेक्षण खात्याचा 1:25,000 चा नकाशा इथे सोन्यासारखा आहे, कारण त्यात रस्त्यांची आणि चौकांची नावं खांबांशी जुळतात. काही झालं आणि 112 या आणीबाणीच्या नंबरला फोन करावा लागला, तर ‘जंगलात आहे’ म्हणून उपयोग नाही. चौकाचं नाव सांगा, मदत तिथे पोचते.

रस्ता गाड्यांसाठी बंद आहे हे कसं ओळखायचं? तोंडाशी आडवा दांडा किंवा फाटक असतं. सायकल बाजूनं काढून न्यायला हरकत नाही. दांडा नसलेला, गुळगुळीत डांबराचा आणि कडेला गाडीतळ असलेला रस्ता म्हणजे गाड्या येणार. रस्ते आणि आखलेल्या वाटा सोडून झाडांमधून चालवायला मात्र परवानगी नाही.

पाचवी पायरी : मार्ग

पहिल्यांदा येणाऱ्यानं पूर्वेकडचं वर्तुळ करावं. अंतर 35 ते 40 किलोमीटर, म्हणजे खाण्या-बघण्यासकट आरामात एक दिवस. पश्चिमेचा सपाट भाग वेग मारायला बरा, पण तिथे वाळू जास्त आणि बघण्यासारखं कमी.

स्थानकाबाहेर पडून ऊआजचा पूल ओलांडा, गाव पार करा आणि आग्नेय कडेला, घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानाच्या बाजूनं जंगलात शिरा. इथून व्यू-मुलँ गावावरून पिएरफाँपर्यंत सायकलींसाठीचा वेगळा मार्ग आहे. साध्या सायकलीवर लहान मुलंही जातात असा तो आहे, त्यामुळे ग्रॅव्हलवाल्यांना जरा सपक वाटेल. पण त्याला नावं ठेवू नका. त्याला कणा समजा आणि दोन्ही बाजूंच्या खडीच्या रस्त्यांवर मनाला येईल तसं शिरून पुन्हा त्याच्यावर या. डी-973 ची घरघर न ऐकता पूर्वेकडे सरकण्याचा हा सगळ्यात सोपा उपाय.

पाय ताजे असताना डावीकडे बो-मोंचा फाटा घ्यायला हरकत नाही. राजवाड्यापासून या टेकडीपर्यंत चार किलोमीटरांहून लांब गवताचा रुंद पट्टा जंगल कापून सरळ गेला आहे. 1810 मध्ये नेपोलियननं तो नव्या राणीसाठी, मारी-लुईजसाठी काढायला लावला, तिला व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्याची आठवण यावी म्हणून. गवतावर सायकल ओढण्यात अर्थ नाही, कडेच्या जंगलरस्त्यानं वर जा. माथ्यावरून त्या हिरव्या पट्ट्याच्या टोकाला राजवाडा दिसतो. उतरताना जपून, उतारावर बीचची मुळं उघडी पडली आहेत.

व्यू-मुलँच्या उत्तरेला माँ सँ-मार्क ही लांबट टेकडी. चढ दमवतो, वर मात्र उंच बीचांतून जाणारा पठारी रस्ता मिळतो आणि दिवसातलं सर्वांत सुंदर चालवणं बहुधा इथेच होतं. पुढे सँ-पिएरची तळी. मठातल्या साधूंनी माशांसाठी राखलेली ही तळी आता बदकांना आणि सहलींना उपयोगी पडतात. गाडीतळ जवळ असल्यानं रविवारी दुपारी इथे गर्दी होते, तेव्हा सकाळीच पार करा.

जंगल संपतं आणि झाडांच्या वर पिएरफाँच्या किल्ल्याचे बुरूज दिसतात. पडक्या अवस्थेतला हा किल्ला व्हियोले-ल-द्युक या वास्तुविशारदानं तिसऱ्या नेपोलियनसाठी 1857 पासून पुन्हा उभा केला. तो मध्ययुगीन कमी आणि एकोणिसाव्या शतकाच्या कल्पनेतला मध्ययुगीन जास्त आहे. मला तो बाहेरून बघायलाच आवडतो. जेवण इथे.

परतीला पिएरफाँवरून पश्चिमेला सँ-जाँ-ओ-ब्वा. जंगलाच्या पोटातलं हे एवढंसं गाव, जुन्या मठाचं तेराव्या शतकातलं चर्च आणि जवळच एक म्हातारा ओक. इथून प्युई द्यु र्‍वाच्या चौकाची नावं खांबांवर शोधत वायव्येला जायचं. वाटेत डी-332 आडवा येतो, तिथे उतरून, दोन्हीकडे बघून, सायकल हातात धरून ओलांडा. सरळ जंगलरस्त्यावरून वेगात येताना तो अचानक समोर येतो आणि गाडीवाल्यालाही तुम्ही झाडांतून एकदम बाहेर आल्यासारखे दिसता. प्युई द्यु र्‍वानंतर लाल खुणा धरा.

अजून दम असेल तर उत्तरेला रतोंदजवळची ती मोकळी जागा आहे, जिथे रेल्वेच्या डब्यात 11 नोव्हेंबर 1918 ला पहिलं महायुद्ध थांबवणारा करार झाला आणि 22 जून 1940 ला हिटलरनं फ्रान्सला त्याच जागी, त्याच डब्यात सही करायला लावली. मूळ डबा जर्मनीत नष्ट झाला, आज दिसतो तो त्याच बनावटीचा दुसरा. जागा बघण्यासारखी आहे, पण तिकडचा भाग एन-31 च्या आवाजात येतो. याच दिवसात कोंबू नका, वेगळी सकाळ काढा.

सहावी पायरी : पायाखालचा रस्ता

इथे पाच-सहा तऱ्हेची जमीन भेटते. खडी दाबून केलेले जंगलरस्ते सगळ्यात छान. वाळू लागली की गिअर हलका, वजन मागे, हात सैल, आणि चाक जिकडे भरकटेल तिकडे थोडं जाऊ द्यायचं. हँडल आवळून सरळ ठेवायचा हट्ट केला की माणूस आडवा होतो. घोड्यांच्या वाटा खुरांनी उकरलेल्या असतात, त्यांच्यावर जाऊच नका. लाकूड ओढणाऱ्या यंत्रांनी पाडलेले चर ओले असतील तर उतरून चालत जाणं सरळ.

खरी परीक्षा पानांची. बीचचं पान लवकर कुजत नाही. थरावर थर साचत जातात, आणि ओला थर शेवाळलेल्या फरशीसारखा निसटतो. त्यातून खालचं मूळ, खड्डा, चर काहीच दिसत नाही. ब्रेक पानांवर जाण्याआधी दाबायचा, वर गेल्यावर नाही. वळण रुंद घ्यायचं आणि सायकल कमीत कमी कलवायची. रस्त्याच्या मधल्या उंचवट्यावर पानं पातळ असतात, ती रेघ धरा.

आणि पानांत काटक्या लपलेल्या असतात. पुढचं चाक एका टोकावर चढतं, दुसरं टोक उचललं जातं आणि थेट मागच्या डिरेल्युअरमध्ये घुसतं. कड्‌कड् असा आवाज येतो. त्या क्षणी पाय थांबवा. नेमकं त्याच वेळी माणूस ‘निघेल’ म्हणून आणखी जोर लावतो, साखळी काटकीला आत ओढते, डिरेल्युअरचा पिंजरा चाकाच्या आऱ्यांत जातो आणि हँगर मोडतो. पाय थांबवा, उतरा, मागचं चाक उचला, पेडल हातानं अर्धा फेरा उलटं फिरवा. काटकी बहुधा आपोआप सैल होते. मग मागून डोळा लावून बघा : डिरेल्युअरची दोन चाकं वरच्या दात्यांच्या सरळ रेषेत आहेत का? आत झुकलेली दिसली तर सगळ्यात मोठं मागचं चक्र त्या दिवसापुरतं वापरू नका, साखळी आऱ्यांत जाईल. चढ असेल तर चालत.

सातवी पायरी : जंगलातली इतर माणसं

चालणारे, घोडेस्वार, लाकूडतोडे, शिकारी, सगळ्यांचं हे जंगल आहे. माणसामागून जाताना लांबूनच घंटी आणि ‘बोंजूर’. घोड्याच्या मागून मात्र घंटी नको. आवाज देऊन बोला, स्वाराचा हात वर झाला की मगच रुंद अंतरानं जा.

15 सप्टेंबर ते 31 मार्च या काळात शिकारी कुत्र्यांसह घोड्यावरची पारंपरिक शिकार या जंगलात चालते. फ्रान्समध्ये तिच्यावरून जोरदार वाद आहेत. तुमचं मत काहीही असो, शिंगांचा आणि कुत्र्यांचा आवाज आला की थांबा, बाजूला व्हा. बंदुकीची शिकारही होते, तेव्हा रस्त्याच्या तोंडाशी फलक लावलेला असतो. ‘शास आं कूर’ असं दिसलं तर तो रस्ता सोडून दुसरा धरा. या महिन्यांत गडद हिरवी-तपकिरी जर्सी घरी ठेवा, भडक नारिंगी घाला. सप्टेंबरच्या मध्यापासून महिनाभर सांबरांच्या जातीचे लाल हरणांचे नर माजावर येऊन डुरकतात. ऐकायला भारी असतं, पण संध्याकाळी त्यांच्या मागे जाऊ नका.

ओंडक्यांच्या राशीवर बसून खायचा मोह होतो. रास घसरते, म्हणून तेही नको.

परतल्यावर

चुनखडीचा ओला चिखल साखळीवर वाळला की घासकागदाचं काम करतो. गाडीत चढण्याआधी निदान फडक्यानं पुसून घ्या, घरी गेल्यावर धुऊन तेल द्या.

त्याहून महत्त्वाचं, स्वतःला तपासा. गवतात आणि पानांत गोचीड असतात, आणि इथल्या गोचिडांतून लाइम रोग होऊ शकतो. गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कमरपट्ट्याखाली, कानामागे बघा. मुलांची डोकीही बघा. सापडली तर तेल, कापूर, आगकाडी असले उपाय करू नका, त्यानं धोका वाढतो. कातडीलगत धरून हळूच फिरवत काढा, जागा धुवा, तारीख लिहून ठेवा. पुढच्या महिनाभरात तिथे पसरत जाणारं लाल कडं दिसलं किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा आणि जंगलात गेलो होतो हे आवर्जून सांगा. गोचीड काढायचा प्लॅस्टिकचा छोटा हुक फ्रान्समधल्या जवळजवळ प्रत्येक फार्मसीत मिळतो. तो पंक्चरच्या सामानाबरोबर पिशवीत टाकून ठेवा.